रियालात लिहिलेला मेहेर

भोर, १४ जुलै २०२५

एहसान,

सलाम. तू फोन उचलत न्हाईस म्हणून लिहितेय. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यात भागवते, अक्षराला हसू नको. दिलावरची फौजिया कागदाचा फोटो काढून तुझ्या मोबाईलवर टाकंल. ती म्हणते, मोठ्या अब्बांनी वाचलं की दोन रेघा निळ्या होतात. म्हणजे मिळालं न्हाई म्हणायची सोय न्हाई.

तुझा निरोप पोचला. तरन्नुमचा खाते नंबर पाठवा, तिच्या मेहेराचे एक लाख तीन हजार एकशे तीन रुपये टाकतो आणि हा विषय संपला. नंबर पाठवत न्हाई. आधी मला समजू दे.

तुझा भाऊ दिलावर गेल्यापासनं तरन्नुम इद्दतीत हाय. इद्दत सरेपर्यंत ती उंबरा ओलांडत न्हाई, म्हणून बाहेरची सगळी कामं माझ्या गुडघ्यांवर आलीत. बँकेत गेले. काउंटरवरच्या पोराला निकाहनामा दाखवला. त्यात सरळ लिहिलंय, मेहेर एक हजार एक रियाल, उधार. नवऱ्यानं बायकोला द्यायचे ठरले, पण दिलावरनं जित्तेपणी दिले न्हाईत. आता त्याच्या मागं जे राहिलं त्यातनं पयलं हे द्यायचं, बाकीचे वाटे नंतर, असं मौलाना सांगतात. त्याचं मागं राहिलेलं म्हणजे कंपनीनं दिलेले पैसे, आणि ते तू उचललेस. पोराला म्हणलं, मस्कतचा रियाल आज कितीला हाय बघ. त्यानं मोबाईलमधे बघितलं. दोनशे तेवीस रुपये म्हणाला.

मग एक हजार एक रियालचे दोन लाख तेवीस हजार झाले की. फौजियानं मला दोनदा करून दाखवलं. तू निम्म्याहून कमी सांगतोस.

म्या त्या पोराला विचारलं, "बाळ, मधले निम्मे तुमची बँक खाती का?"

"आजी, अजून आलेच नाहीत, तर आम्ही काय खाणार?"

पोरगा बरा हाय. पण निम्मे कुठं गेले ते त्यालाबी सांगता आलं न्हाई. तू हिशोबात चुकणारा न्हाईस. लहानपणी बोरं वाटायला बसलास तरी एक तुझ्याकडं जास्त यायचं.

हे कशाला विचारते ते आयक. वरव्याचा सोनबा त्याचं मिरची कांडप विकतोय. छातीत तिखट बसलंय, डॉक्टरनं बंद कर म्हणून सांगितलंय. कांडपाची दोन यंत्रं, मोटर, दुकानाचं डिपॉझिट, सगळं मिळून दोन लाख वीस हजार मागतो. वेल्ह्याच्या डोंगरातनंबी त्याच्याकडं गिऱ्हाईक येतं. तरन्नुमच्या हातचा मसाला तू मस्कतला डबे भरून नेलायस, तुला वेगळं सांगायला नको. हे जमलं तर ती हितं राहील, फौजिया अकरावी-बारावी करंल. न्हाई जमलं तर तिचा भाऊ तिला शिवऱ्याला त्याच्या ढाब्यावर नेणार. तिथं तिला काय काम हाय ते सगळ्यांना ठाऊक हाय. भांडी.

तर निम्मे कुठं गेले ते कळव.

तुझी अम्मा
गुलजारबी


भोर, ९ ऑगस्ट २०२५

एहसान,

तू लिहिलंस ते फौजियानं मोठ्यानं वाचून दाखवलं. तरन्नुम चुलीपाशी व्हती, तिनंबी आयकलं. तुझं म्हणणं, निकाहच्या दिवशी रियाल एकशे तीन रुपये व्हता, म्हणून त्याच दरानं द्यायचं. त्या दिवशीचं देणं, त्या दिवशीचा भाव.

म्या हे मनात घोळवलं. आधी वाटलं तुझं बरोबर हाय. मग भाकरी भाजताना वाटलं चूक हाय. दुपारी परत बरोबर वाटलं. आता काय वाटतंय ते सांगता येत न्हाई.

पण रियाल लिहायला कुणी लावलं ते तुला आठवतं का? काझी "अकरा हजार रुपये" लिहीत व्हता. तू पुढं झालास, मस्कतहून आणलेला चष्मा डोक्यावर चढवलेला, आणि म्हणालास, "रुपये कसले लिहिता काझीसाहेब, भाऊ माझ्याबरोबर मस्कतला चाललाय. रियाल लिहा. हजार एक." काझीनं विचारलं रियालचं स्पेलिंग काय. बायका पडद्याआड बोटं मोजत बसल्या. तरन्नुमच्या बापानं तर दुसऱ्या दिवशी अख्ख्या शिवऱ्यात सांगितलं. भोरात त्याच्या आधी कुणी रियालात मेहेर लिहिलेला मला ठाऊक न्हाई. त्या दिवशी रियाल मोठा दिसावा म्हणून लिहिलास. आता तो खरंच मोठा झाला तर तुला नको झाला.

दुसरं. तू नातेवाइकांत सांगतोस की मय्यतीच्या दिवशी फोनची रेंज गेली म्हणून तरन्नुमचं माफ करायचं राहून गेलं. रेंज गेली न्हवती. तू तिकडं दिलावरच्या जनाज्यापाशी फोन धरला, त्याचं तोंड दाखवलं, आणि म्हणालास, "तरन्नुम, मेहेर माफ केला म्हण, त्याचा जीव मोकळा कर." ती बिचारी रडत व्हती, म्हण म्हणलं असतं तर तिनं काहीबी म्हणलं असतं. फोन माझ्या हातात व्हता. म्या बोट दाबून बंद केला.

तुझ्या अब्बांच्या वेळी मला असंच धरून नेलं व्हतं. घर भरून बायका. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत व्हत्या. म्या म्हणलं माफ. माझा मेहेर एकशे सव्वीस रुपये व्हता, कुणी विचारलंबी न्हाई किती. त्याचं मला दुःख न्हाई, एकशे सव्वीस रुपयात काय झालं असतं. पण मेलेल्या माणसासमोर बाईला विचारू नये. ती न्हाई कशी म्हणणार?

फोन बंद केल्यावर परत लावला तर तू उचलला न्हाईस. पोराचं तोंड म्या तेवढंच बघितलं. ते असू दे.

खाते नंबर अजून पाठवत न्हाई.

गुलजारबी


भोर, ३ सप्टेंबर २०२५

एहसान,

म्या चार ठिकाणी विचारलं आणि जास्तच गोंधळले.

मक्केला उमऱ्यासाठी माणसं नेणारा ऑफिसवाला म्हणाला, रियालचा एक दर नसतोच. ते घेताना एक, देताना एक. आपण त्याला द्यायला गेलो तर कमी, त्याच्याकडनं घ्यायला गेलो तर जास्त. म्या म्हणलं, एका दुकानात एका वस्तूचे दोन भाव? तो म्हणाला, चाची, म्हणूनच दुकान चालतं.

शेजारचे मास्तर म्हणाले, रियाल वाढलाच न्हाई. तो जागच्या जागी हाय, डॉलरला बांधलेला. आपला रुपया खाली गेला. म्या विचारलं, कवा गेला? हितं तर कुणाला कळलं न्हाई. ते म्हणाले, रोज थोडा थोडा जातो. मग त्यांनी मोबाईलवर एक रेघ दाखवली, वीस वर्षांची. डाव्या हाताला एकशे अठराच्या आसपास. मग तुझ्या भावाच्या निकाहच्या वेळी खाली आलेली, एकशे तीन. नंतर चढत चढत आता दोनशे एकोणतीस. म्हणजे रियाल सगळ्यात स्वस्त झाला तवा आपण लग्न केलं. म्या मास्तरांना विचारलं, माझं पोरगं मेलं ओमानात, देणं हाय भोरात, मधे अमेरिकेचा डॉलर काय करतो? मास्तर लई वेळ बोलले. चहा गार झाला. मला काय बी समजलं न्हाई, त्यांना वाईट वाटू नये म्हणून मान हलवली.

मौलाना म्हणाले, जे लिहिलं ते देणं. मग म्हणाले, पण दोघांच्या राजीखुशीनं रुपयात देता येतं. मग दर कुठला? म्हणाले, त्यात आलिमांची, मोठ्या जाणकारांची, मतं वेगवेगळी असू शकतात, विचारून सांगतो. अजून विचारतायत.

तू मधे एक प्रश्न पाठवलास. "रियाल पडला असता, पन्नास रुपयावर आला असता, तर तुम्ही आजच्या दरानं घेतला असता का? तेव्हा निकाहचा दर आठवला असता." हा प्रश्न मला लागला. खरं सांगते, म्या असते तर मला निकाहचा दर आठवला असता. म्हणून तरन्नुमला विचारलं. ती लसूण सोलत व्हती.

"अम्मा, पन्नासवर आला असता तर पन्नास हजार मिळाले असते."

"आणि तू घेतले असतेस? गुपचूप?"

"गुपचूप कशाला? तुमच्या थोरल्याला शिव्या दिल्या असत्या. पण घेतले असते. रियालात लिहिलंय ना."

ती एवढं बोलत न्हाई एरवी.

मग परवा वेल्ह्याकडची ठकुबाई आली व्हती, शेरडं राखणारी. तिला काय सुचतंय बघू म्हणून सगळं सांगितलं. ती म्हणाली, आमच्यात कुणाकडनं शेरडाची पाट, तरणी मादी, घेतली तर पाटच परत करायची. दाम सांगत बसलं की भांडण. शेरडाचा भाव काय होईना, शेरडू दिलं की सुटलं. म्या म्हणलं, आणि घेतली तरणी, दिली म्हातारी, तर? ती म्हणाली, तोंड उघडून दात बघून घ्यायची की.

नोटेला दात नसतात. पण तिचं एवढं पटलं, की दराचं भांडण दर सांगितल्यावर सुरू व्हतं. तर आता माझं म्हणणं असं. रुपये पाठवू नको. एक हजार एक रियाल पाठव. नोटा. निकाहचा दर, मय्यतीचा दर, आजचा दर, सगळं तुझ्यापाशी ठेव. आमी हितं काय मिळंल ते घेऊ. कमी मिळालं तर तुला परत फोन करणार न्हाई.

उरलेल्यात माझा आईचा हिस्सा निघतो म्हणे. मेहेर जास्त गेला तर माझाबी हिस्सा कमी होतो, तुझा एकट्याचा न्हाई. मला चालतं. तुला का चालत न्हाई ते कळव.

गुलजारबी


भोर, १६ ऑक्टोबर २०२५

एहसान,

रेघा निळ्या झाल्या. उत्तर न्हाई.

इद्दत सरली. तरन्नुम वरव्याला जाऊन सोनबाचं कांडप बघून आली. शिंकत आली, पण आली ती बोलत आली, मोटर कुठली, पट्टा कवा बदलला, बारीक दळायला किती वेळ लागतो. सोनबा देवदिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. खेडशिवापूरचा एक माणूस रोख घेऊन तयार हाय. सोनबा म्हणतो, "गुलजारबी, मला तुमच्या सुनंला द्यायचंय, पण माझ्या छातीला तुमचा रियाल कळत न्हाई."

तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला व्हता, सामान न्यायला. एक पत्र्याची पेटी चढवली. म्या उतरवून घेतली. तो म्हणाला, "चाची, किती दिवस?" म्या म्हणलं, रियालला विचार.

मास्तर रोज दारावरनं जाताना दर सांगून जातात, आता त्यांना तेवढंच काम झालंय. आज दोनशे अठ्ठावीस. तू थांबलास तर तुझा फायदा का तोटा तेबी मला कळत न्हाई. रियाल तुझ्या खिशात हायत, तर ते चढले काय न् उतरले काय, तुझे हजारच जाणार. मग तू कशाची वाट बघतोस?

का तुझ्यापाशी न्हाईतच?

गुलजारबी


भोर, २७ नोव्हेंबर २०२५

एहसान,

तुझा फरहान पोचला. मुंबईहून स्वारगेट, स्वारगेटहून भोरची ST, एकटा. एवढा उंच झालाय की दारात वाकावं लागलं. त्याचं मराठी म्हणजे पाण्यात पडलेली भाकरी, पण समजतं. पाकीट त्यानं बनियनच्या आत शिवून आणलं व्हतं. पन्नासाच्या नोटा, आणि एक एकाची. तरन्नुमच्या हातात दिल्या. तिनं मोजल्या न्हाईत. म्या मोजल्या.

दुसऱ्या दिवशी तिघं पुण्याला गेलो, नोटा बदलायला. त्या दुकानात काचेमागं पाटी, त्यावर सगळ्या देशांचे भाव दोन दोन रांगांत. मास्तरांनी निघताना दोनशे बत्तीस सांगितलं व्हतं. काचेमागची बाई म्हणाली, दोनशे सव्वीस. म्या म्हणलं, पोरी, घरनं निघाले तवा दोनशे बत्तीस व्हता, गाडीत सहा रुपये कुठं सांडले? ती म्हणाली, आजी, तो मोबाईलमधला दर, हा नोटांचा. फरहाननं पासपोर्ट दिला, सही केली. दोन लाख सव्वीस हजाराच्या वर आले. थोडे कुठल्या करात गेले. कुठल्या ते विचारलं न्हाई. माझी विचारायची हौस फिटली.

वरव्याला गेलो तर सोनबानं पैसे घेऊन यंत्राची किल्ली तरन्नुमला दिली. म्हणाला, "चाळणीचं धरलं न्हाई, ती तशीच घे, भोकं पडलीत." मग दुकानाबाहेर जाऊन बसला, आत बघंना. तरन्नुमनं त्याच्या देखत आमची घरची मिरची टाकून चालू करून बघितलं. फरहान शिंकून शिंकून रस्त्यावर पळाला. आता ती रोज सकाळच्या एस्टीनं जाते. भावाचा टेम्पो परत आला न्हाई.

हितपर्यंत लिहून पत्र संपवणार व्हते.

पण काल न्याहारीला फरहान बोलला. म्या सहज म्हणलं, तुझ्या अब्बानं एवढे महिने लावले, कंपनीनं दिलावरचे पैसे तर तवाच दिले व्हते. त्यानं भाकरी खाली ठेवली. म्हणाला, "दादी, वो पैसा तो गॅरेजके किराये में गया." तुझं गॅरेज दोन वर्षं तोट्यात हाय, हे तो मला सांगतो, तू न्हाई. मग म्या विचारलं, या नोटा कुठल्या? त्यानं दाराकडं बघितलं. तरन्नुम कामाला गेली व्हती, फौजिया कॉलेजात. दोघंच व्हतो. मग म्हणाला, "अम्मीके कंगन थे."

तर असं. एका सुनंचा मेहेर द्यायला दुसऱ्या सुनंच्या हातातलं सोनं गेलं. म्या चार महिने दर विचारत फिरले, हे कुणी सांगितलं न्हाई. तू सांगितलं असतंस तर म्या काय केलं असतं? ठाऊक न्हाई. मागितले असतेच, ते तरन्नुमचे व्हते. पण तुझ्याशी बोलले वेगळं असते, असं वाटतं. नसतेबी. माझी जीभ तुला ठाऊक हाय.

फरहान म्हणतो, अब्बा रोज पहाटे फज्रची नमाज झाली की आधी रुपयाचा दर बघतात, मग चहा. वीस वर्षं. मला वाटायचं तिकडं माणूस रियालात राहतो. तू दोन्हीच्या मधेच राहिलास म्हण की.

तरन्नुमला बांगड्यांचं सांगितलं. तिनं मिरचीचे हात धुतले. मग म्हणाली, "जाऊबाईंना मसाला पाठवते." म्या म्हणलं, मसाला हातात घालता येत न्हाई. ती म्हणाली, "मग काय पाठवू? परत देऊ?" म्या म्हणलं, न्हाई. तुझं तुला मिळालंय, ते धर. तो हिशोब एहसानचा हाय.

आणि तो हिशोब असा. माझा आईचा हिस्सा जो काय निघत असंल, तो मला नको. गॅरेज परत उभं राहील तवा थोरलीला दे. तो बांगड्यांच्या खाती.

दुसरं म्हणजे, तिचाबी मेहेर उधारच हाय. माझ्या देखत लिहिला. तू तवा मस्कतला गेला न्हवतास, म्हणून रुपयात लिहिला, अकरा हजार. मास्तरांना त्या साली रियाल कितीला व्हता विचारलं. म्हणाले, एकशे तेवीस-चोवीस. म्हणजे तवाचे नव्वद रियाल. आज त्याच अकरा हजाराचे पन्नासबी होत न्हाईत. ती तिकडं रियालात दूध आणती, रियालात भाडं भरती, आणि तिचं हक्काचं रुपयात लिहिलेलं, ते बसल्या जागी निम्मं झालं. तरन्नुमचं दुप्पट झालं ते तुला टोचलं. हिचं निम्मं झालं ते तुला कवा दिसलं का?

ती कवा मागणार न्हाई. तुझ्या मय्यतीला तिलाबी धरून आणतील, आणि ती म्हणंल माफ. तवा फोन बंद करायला म्या नसंन.

म्हणून तू आताच दे. तिच्या हातात दे, दोघं जित्ते असताना, चहा पिता पिता. निकाहच्या दरानं द्यायचा का आजच्या, रुपयात का रियालात, का बांगड्यांच्या सोन्यात, ते तुमी दोघं बसून ठरवा. मला विचारू नको. मला अजून कळलेलं न्हाई.

फरहान रविवारी निघतो. त्याच्या बॅगेत मसाला हाय, थोरलीचं नाव घालून वेगळा.

अम्मा